चालेल म्हणायचं बंद कर

अगं पोरी,

परवा थॅलेसेमियाच्या सेंटरवर तुझ्या भावाला रक्त लावलेलं होतं आणि तू त्याच्या बेडला टेकून त्याची चित्रकलेची वही पुरी करत होतीस, मधेच मान वर करून बॅग किती राहिलीये बघत होतीस. मी विचारलं चहा की कॉफी, तर म्हणालीस "काहीही चालेल". अ‍ॅडमिशनचं विचारलं तर कळलं की नाटाचा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर चांगला आहे, पण ऑप्शन फॉर्ममध्ये एकच कॉलेज टाकलंयस, सोलापुरातलं. का, तर "इथलंपण चालेल". आणि निघताना चप्पल घालता घालता हळूच म्हणालीस, "माझं एचएलए जुळलं असतं ना, तर हा प्रश्नच आला नसता."

तेव्हा मी काही बोलले नाही, आई शेजारीच होती. आता बोलते.

एचएलएचं आधी संपवू. भावाला बोनमॅरो देता येईल का हे पेशींवरच्या ज्या खुणांवरून ठरतं, त्यांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बाबांकडून, आणि सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळायचा चान्स २५ टक्के. म्हणजे चारात तीनदा जुळतच नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं आहे ते, तू काय अभ्यास करून गेली नव्हतीस नापास व्हायला. जुळलं असतं तर ट्रान्सप्लांटला कोल इंडियाच्या योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, ती मिळाली असती, घरचे त्या आशेवर होते, रिपोर्ट आल्यावर आई रडली असेल, सगळं मान्य. पण ती तुझ्यावर रडली नाही. हे तिला एकदा विचारून घे. खरंच विचार, मनातल्या मनात उत्तरं देत बसू नकोस.

माझा भाऊ १९७९ चा. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तुझ्या भावासारखाच थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात रक्त नीट बनत नाही, सतत चढवावं लागतं. आमच्या कालनिर्णयवर सणांपेक्षा रक्ताच्या तारखा मोठ्या, दर २१ दिवसांनी लाल पेनाचा गोल. वडील मिलमध्ये कारकून, त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून डेस्फेरालचा पंप आणला, चढवलेल्या रक्तातून अंगात साठणारं लोह बाहेर काढायचं औषध ते. तुझ्या भावाला आता रोजची गोळी आहे, तेव्हा पोटाच्या कातडीत सुई खुपसून रात्रभर, आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री पंप लावायचा आणि पावडर पाण्यात विरघळवून सिरिंज भरायचं काम माझं. बारा वर्षांची होते. फेस न येता हलवायचं हे मला अजून हाताला आठवतं. औषध महाग, म्हणून महिन्याच्या शेवटी रात्री कमी व्हायच्या, आणि लोह काय थांबतंय का? फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं माप, १००० च्या खाली असावं म्हणतात, त्याचं ६००० च्या वर गेलेलं.

आणि मी? मी समजूतदार. अख्ख्या गल्लीत माझं कौतुक, "पोरगी किती समजूतदार हो". गड्ड्याच्या जत्रेला मैत्रिणी चालल्यात आणि त्याच दिवशी लाल गोल आलाय, चालेल. दिवाळीला एकालाच कपडे, चालेल. १९९२ ला बारावीनंतर पुण्यात बी. फार्मसीला लागत होतं, मी स्वतःच म्हणलं इथलं बी. एस्सी. चालेल, आणि तुला सांगते, घरात कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी वर्षानुवर्षं त्याचा राग धरला. आता वाटतं त्यांनी का विचारावं, मी इतकं बेमालूम बोलले होते. ज्या घरात एक मूल सतत ओरडतंय, दुखतंय, तापतंय, तिथं जे मूल चालेल म्हणतं त्याचं आईबापांना खरंच वाटतं. त्यांना खरं वाटून घ्यायचंच असतं. वाईट नसतात गं ते, दमलेले असतात.

म्हणून म्हणते, चालेल म्हणू नकोस. काय पाहिजे ते नाव घेऊन माग. मिळणार नाही कदाचित, तरी माग. नाही म्हणू देत त्यांना, त्यांच्या तोंडाने.

आता तू म्हणशील भावाचं काय. भावाचं ऐक मग. आम्ही कॅरम खेळायचो आणि मी मुद्दाम राणी सोडायचे. तो तेरा-चौदाचा असेल, त्याच्या लक्षात आलं, त्यानं बोर्डच उलटा केला. म्हणाला, "तायडे, तू माझ्याशी कधीच का भांडत नाहीस? बाकीच्यांच्या बहिणी झिंज्या उपटतात." मी काय उत्तर दिलं असेल? "बरं, परत खेळू, तू सांगशील तसं." म्हणजे परत चालेलच! त्याला एक धड बहीण पाहिजे होती आणि मी त्याला दुसरी नर्स दिली. हे मला अजून जात नाही. तू तुझ्या भावाची वही पुरी करू नकोस. रक्त चढताना हात अडकतो त्याचा एक, दुसरा मोकळा असतो.

१९९७ ला मी नोकरी धरून पुण्याला गेले. घरात मोठं भांडण झालं, मी पहिल्यांदा म्हणलं की नाही चालणार. १९९९ च्या पावसाळ्यात तो गेला, हार्ट. लोह हृदयात साठतं, ते तुला माहितीये. मी रात्रीच्या एसटीने निघाले, पहाटे पोचले तोवर झालेलं होतं. नातेवाईक काय काय बोलले, बहीण पुण्यात मजा मारत होती वगैरे. मी गेले ते बरोबरच केलं. मी सोलापुरात असते म्हणून त्याचं हृदय चाललं नसतं. त्या दोन वर्षांत तर आम्ही फोनवर जे भांडलो, एसटीडी बूथवर मीटर बघत बघत, ते आधीच्या अठरा वर्षांत नव्हतो भांडलो. त्याला मजा यायची. बरोबरच केलं मी. हे मी तुला सांगतेय की स्वतःला, जाऊ दे.

अजून एक, हे ऑप्शनल नाहीये. तुझी स्वतःची एचबीए२ ची टेस्ट झालीये का, थॅलेसेमिया मायनर आहेस का ते कळायची? आईला विचारलं तर म्हणाली "तिला काही नाही, ती ठणठणीत आहे". ठणठणीत मीपण आहे, मी मायनर आहे, म्हणजे दोष अंगात आहे, आजार नाही. मायनरला काही होत नाही, दोघं मायनर असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असायचा चान्स २५ टक्के. मला पहिलं स्थळ आलं तेव्हा आई म्हणाली भावाचा विषय काढू नकोस. मी काढला, मुलाला आधी टेस्ट करून ये म्हणलं. स्थळ गेलं, आईनं आठ दिवस अबोला धरला. पुढच्यानं टेस्ट करून रिपोर्ट आणला, त्याच्याशीच लग्न केलं. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. तुझ्या नावाचा एक कागद असू दे त्या घरातल्या फायलींत, सगळ्या त्याच्याच आहेत.

फॉर्म लॉक व्हायच्या आत पुण्याची कॉलेजं वर टाक. बाबांना तू सांगायचंस, मी येणार नाही मधे. पैशाचं अडेल, तर अडलं असं ते सांगतील, मग आपण स्कॉलरशिप बघू. आणि लाल गोलाच्या दिवशी मी इथे आहेच की, मला काय काम आहे दुसरं, त्याच्याशी कॅरम खेळायला बसेन. राणी सोडणार नाही.

शनिवारी अकरानंतर मी सेंटरवर आहे. चहा की कॉफी ते घरूनच ठरवून ये.

— मावशी
(मॅडम म्हणायचं पण बंद कर)