ब्रॉयलर, प्रतिजैविके आणि पिंजऱ्यातले अंडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी आठवड्यातून दोनदा चिकन होते. ब्रॉयलर कोंबडी ४० दिवसांत तयार होते ती हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे, आणि तेच हार्मोन पोटात गेल्याने मुलींना लवकर पाळी येते, असे शेजारपाजारचे सांगतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. चिकन बंद करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, मात्र ती चुकीच्या ठिकाणी अडकली आहे. ब्रॉयलरला हार्मोनचे इंजेक्शन देत नाहीत. वाढीचे हार्मोन हे प्रथिन असते, त्यामुळे खाद्यातून दिले तर कोंबडीच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते. आणि पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी हातात धरून वारंवार सुई टोचणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जातो, याची कारणे निराळी आहेत. गेली सत्तरेक वर्षे पिढ्यानपिढ्या झपाट्याने वाढणारेच पक्षी निवडून त्यांची पैदास केली गेली. त्यांना मका आणि सोयाबीनचे तोलूनमापून केलेले खाद्य मिळते आणि साधारण पावणेदोन किलो खाद्यात एक किलो वजन भरते. मुलींच्या लवकर वयात येण्याचा संबंध लहानपणीच्या लठ्ठपणाशी आढळला आहे. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ दिसू लागली, तर मात्र ताटातले पदार्थ बदलत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

खरी काळजी प्रतिजैविकांची, म्हणजे जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिक औषधांची आहे, आणि तिच्याविषयी घराघरांत फारच कमी बोलले जाते. १९४८च्या सुमारास अमेरिकेत असे लक्षात आले की क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा खाद्यात मिसळला तर पिले अधिक वेगाने वाढतात. तेव्हापासून आजारी नसलेल्या पक्ष्यांनाही रोज थोडे थोडे औषध देण्याची प्रथा जगभर पसरली. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी मात्र त्याआधीच, १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. शेडमध्ये नेमके तेच घडते. कमी मात्रेत दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि पक्ष्याच्या आतड्यात वाढतात. पुढे ते विष्ठेतून शेडमध्ये जमिनीवर अंथरलेल्या तुसात, तुसातून शेतातल्या खतात, कामगाराच्या हातांवर आणि कच्च्या मांसाच्या पाण्यातून आपल्या ओट्यापर्यंत येतात.

कोलिस्टिनचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. अतिदक्षता विभागात इतर सर्व औषधे निरुपयोगी ठरल्यावर डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी हे एक, आणि आपल्याकडे ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूतून दुसऱ्या प्रकारच्या जंतूत सहज जाऊ शकतो, हे २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता या औषधाच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वितरणावर बंदी घातली ती २०१९च्या जुलैमध्ये. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे १ जानेवारी २००६ पासूनच थांबवले होते. मी पशुवैद्यक आहे. आजारी पक्ष्याला औषध नाकारावे, असे मी कधीच म्हणणार नाही. आजार नसताना, केवळ दाटीवाटी सोसावी आणि वजन भरावे म्हणून दिलेले औषध मात्र आपल्याच मुलाबाळांच्या वाट्याचे औषध वाया घालवते, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा चिकन बंद करण्याची गरज नाही. ते पूर्ण शिजवावे. उष्णतेने जंतू मरतात. औषधाचा अंश मात्र शिजवल्याने जाईलच, याची खात्री देता येत नाही. म्हणून औषधाचा शेवटचा डोस आणि विक्री यांच्यात ठरलेले दिवस पाळले गेले की नाहीत, हा प्रश्न ग्राहकाने दुकानदाराला आणि दुकानदाराने कंपनीला विचारत राहिले पाहिजे.

प्रश्न : माझे ५,००० पक्ष्यांचे शेड असून मी एका कंपनीसाठी करारावर पक्षी वाढवतो. घरातली शिकलेली मुले म्हणतात की हा धंदा क्रूर आहे. कर्ज फेडायचे आहे, दुसरी जोडधंद्याची वाट नाही. मी काय चूक करतो आहे?
– एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, करार पद्धतीत पिले, खाद्य आणि औषध कंपनीचे, शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीचे जागरण आपले. मोबदला किलोमागे मिळतो आणि मरतूक वाढली की तो घटतो. कोणती जात, शेडमध्ये किती दाटी, किती दिवसांनी पक्ष्यांची उचल, यांपैकी बहुतेक निर्णय आपल्या हाती नसतात. ज्याच्या हाती निर्णय नाही, त्याच्याच माथी सगळा दोष मारणे मला अन्यायाचे वाटते.

मुलांचे म्हणणेही खोटे नाही. वजन इतक्या वेगाने वाढते की पाय आणि हृदय त्याला पुरे पडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात बसूनच राहणारे पक्षी आपण रोज पाहत असाल. अंड्यांच्या धंद्यातली स्थिती त्याहून वाईट आहे. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, तर टंकलेखनाचा ए-४ कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. इतक्या जागेत ती वर्षभराहून अधिक काळ अंडी देते आणि एकदाही पंख पूर्ण पसरू शकत नाही. अंड्यांच्या जातीचे नर पिलू ना अंडे देते ना मांसाला परवडते, म्हणून ते हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, पहिल्याच दिवशी मारले जाते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांसाठी स्वतंत्र नियम सुचवले. युरोपीय संघात असे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद आहेत.

दाटीचा तोटा पक्ष्याइतकाच पाळणाऱ्यालाही होतो. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले; २०२१ साली तिथे पुन्हा तीच वेळ आली. एकाच रक्ताचे हजारो पक्षी एका छताखाली असले की आजाराला अडवणारे काही उरत नाही.

आपल्या हातात जे आहे, ते सांगतो. तूस कोरडे ठेवा आणि वारंवार उलथा. अमोनियाने डोळे चुरचुरले की पडदे उघडायला उशीर झाला, असे समजा. उन्हाळ्यात पिले कमी घ्या आणि तसे करारात लिहून मागा. प्रत्येक औषधाचे नाव, तारीख आणि डोस वहीत नोंदवा. सुपरवायझर लेबल नसलेली पुडी देत असेल तर ती घेऊ नका. गावातले दहा शेडवाले एकत्र येऊन हे मागू लागले, तर कंपनीला ऐकावे लागेल.

प्रश्न : मग गावरान अंडी आणि कोंबडी घेणे चांगले का? आणि चिकन कितीदा धुवावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अंगणात फिरून खाणारी कोंबडी मोकळी जगते, हे निश्चित. मात्र ‘गावरान’ म्हणून मिळणारे पक्षी पुष्कळदा गिरिराज किंवा वनराजा अशा सुधारित जातींचे असतात आणि तेही शेडमध्ये वाढवलेले असू शकतात. टरफलाचा तपकिरी रंग जातीनुसार येतो. त्यावरून पालनपद्धती कळत नाही. ओळखीच्या घरून घेणे शक्य असेल, तर त्या घरी कोंबड्या कशा ठेवतात, ते एकदा पाहून यावे.

कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये. उडालेल्या थेंबांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू ओट्यावर आणि कोथिंबिरीवर जातात, ते धुण्याने मरत नाहीत. मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत आणि हाडाजवळचा गुलाबीपणा जाईपर्यंत रस्सा उकळू द्यावा.