पोतं कशाचं होतं?

प्रश्न : ताई, रान तीन एकर, भारी काळं, चुनखडीचं. सोयाबीन आणि त्यावर हरभरा. मे महिन्यात माती तपासून घेतली. सामू (पीएच) 8.2, पालाश (पोटॅश) हेक्टरी 540 किलो आणि स्फुरद (फॉस्फरस) 96 किलो, 'अत्यंत जास्त'. दुकानदार म्हणतो, एकरी एक पोतं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, टाकाच. अहवाल म्हणतो, गरज नाही. कुणाचं ऐकू? माती मी स्वतः बारा ठिकाणची काढली, रिकाम्या पोत्यात एकत्र करून दिली.
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : दादा, ते पोतं कशाचं होतं? खताचंच असणार, बहुधा डीएपीचं.

चुनखडीच्या रानात स्फुरद इतकं मोकळं राहत नाही, चुना ते धरून बसतो. 35 च्या वर गेलं की 'अत्यंत जास्त' छापतात; तुमचं 96! हेक्टरभर रानात वरच्या सहा इंचांत साधारण 22 लाख किलो माती असते. त्या हिशेबानं अर्धा किलो नमुन्यात 96 चा आकडा यायला 22 मिलिग्रॅम स्फुरद पुरतं. म्हणजे डीएपीचे चार-पाच दाणे. पोत्याच्या शिवणीत तेवढे अडकतातच. पालाशाचा आकडा मात्र खरा धरायला हरकत नाही, डीएपीत पालाश नसतोच.

प्रयोगशाळेत नवी असताना असाच एक अहवाल मीही डोळे झाकून पाठवला होता. त्या शेतकऱ्यानं वर्षभर स्फुरद टाकलं नाही. तेव्हापासून आधी पोतं विचारते.

पुन्हा माती काढा. वीतभर खोल, इंग्रजी व्हीसारखा खड्डा, त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती. बांध, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडा. धुतलेल्या लुगड्यावर मिसळा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा.

अहवालाआधी पाऊस आला तर तिफण थांबवू नका. तुमच्याकडे सोयाबीनला हेक्टरी 30:60:30, म्हणजे इतके किलो नत्र, स्फुरद आणि पालाश, धरतात. एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट पेरा, 24 किलो स्फुरद मिळेल आणि वर सोळा किलो गंधक. तेलबियांना ते लागतंच, डीएपीत ते नाही. (तीन पोती वाहायची म्हणून दुकानदार सुपरचं नाव काढत नाही.) जोडीला 25 किलो युरिया. पालाश यंदा नको.

आणि ते पोतं उलटं करून झटका. दाणे निघाले तर कळवा.