विशेषणांच्या याद्या सोडा, आधी क्रियापदं धरा

अवघड इंग्रजी विशेषणांच्या याद्या घोकण्यात वेळ घालवू नका. ते शब्द परीक्षेपुरते राहतात, लिहायला बसलं की ऐन वेळी एकही आठवत नाही.

मी तर म्हणेन, आधी क्रियापदं धरा. 'वॉक'च घ्या. लंगडत चालणं 'लिम्प', ढांगा टाकत जाणं 'स्ट्राइड', झोकांड्या खात जाणं 'स्टॅगर', थकलेले पाय ओढत जाणं 'ट्रज'. नेमकं क्रियापद सापडलं की 'स्लोली', 'वेअरिली' अशा कुबड्या लागतच नाहीत.

विशेषणांचं खरं दुखणं जोडीचं. पाऊस 'हेवी' असतो, वारा मात्र 'स्ट्राँग'. अदलाबदल केली तर व्याकरण बरोबर असूनही कानाला खटकतं. म्हणून वहीत सुटा शब्द कधीच लिहू नका, सोबतच्या नामासकट लिहा. छटाही तपासा: 'स्लेंडर' कौतुकाचा, 'स्किनी' बहुधा टोचणारा. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, वापरताना इथेच घात होतो. १८५२ साली आलेल्या रॉजेटच्या थिसॉरसमध्ये शब्द अर्थाच्या गटांनी लावले होते, व्याख्या नव्हत्या. छटा आधीच ठाऊक असणाऱ्यालाच तसा कोश कामाचा. तुम्ही लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश घ्या. त्यातल्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवलेल्या आहेत, शिवाय उदाहरणाची वाक्यं मिळतात.

वाचताना शब्द दुसऱ्यांदा भेटला की मगच टिपा. त्याच दिवशी तो वापरून स्वतःचं एक वाक्य लिहा, आठवड्यानं वही न बघता पुन्हा एक. आणि संवाद लिहिताना कृपा करून प्रत्येक 'सेड' काढून 'एक्सक्लेम्ड' घालू नका.