आधी वजन ठरव

प्रिय मुली,

तुझी नऊ प्रकरणं वाचली, सोबतची चिठ्ठीही वाचली. एकजण म्हणतो, विज्ञान काढून टाक, माणसं तेवढी ठेव. दुसरा म्हणतो, दोन पायांचं युद्धयंत्र हाच मुळात वेडेपणा, त्यापेक्षा रणगाडे घे. आणि तू दोघांच्या मध्ये अडकून विचारतेस, कादंबरी बासनात बांधून ठेवू का? दोघांचंही ऐकू नकोस. तुझ्या हस्तलिखितात रोबोची उंची चार ठिकाणी आली आहे, १८ मीटर. वजन एकाही ठिकाणी नाही. घोळ आहे तो एवढाच.

आधी वजन ठरव. नायिकेचं नाव, शत्रूचा झेंडा, पहिलं वाक्य, सगळं नंतर.

हिशेब अवघड नाही. १.८ मीटर उंचीचा, ७५ किलोचा माणूस घे आणि त्याला दहापट मोठा कर. उंची दहापट, पायाच्या तळव्याचं क्षेत्रफळ शंभरपट, वजन मात्र हजारपट. म्हणजे ७५ टन. १६३८ साली गॅलिलिओने हेच मांडून ठेवलंय: जनावर मोठं करायचं तर हाड नुसतं लांब करून भागत नाही, प्रमाणाबाहेर जाड करावं लागतं. तू म्हणशील, माझं यंत्र आतून पोकळ आहे, मिश्रधातू हलका आहे. चालेल, ४० टन धर. २५ धर. योकोहामाच्या बंदरात २०२० ते २०२४ या काळात १८ मीटर उंचीचा एक हलता रोबो उभा होता, त्याचं वजन सुमारे २५ टन होतं. त्यावर ना चिलखत होतं ना दारूगोळा, आणि तरीही त्याला कमरेपाशी मागून आधार दिलेला होता. तू कोणता आकडा घेतेस याला माझा आक्षेप नाही. आकडा न घेण्याला आहे. या पत्रात मी ७५ धरतो, म्हणजे पुढचं सगळं एका मापात राहील.

आता यंत्रात बसलेल्या नायिकेला यंत्रासकट एका पायावर उभी कर. तळवा अडीच मीटर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन चौरस मीटर. ७५ टन भागिले दोन: दर चौरस सेंटिमीटरवर पावणेचार किलो. रणगाड्याच्या पट्ट्याखाली हा दाब साधारण एक किलोच्या आसपास असतो. म्हणजे रणगाडा जिथून आरामात जातो तिथे तुझी नायिका घोट्यापर्यंत रुतणार, आणि हे नुसतं उभं राहून. पाऊल आपटलं की दाब आणखी वाढतो. तिसऱ्या प्रकरणात ती पावसाने भिजलेल्या शेतातून धावते आणि मागे नुसते ‘ठसे उमटतात’! तिथे पाय बाहेर काढायलाच अर्धं प्रकरण जायला हवं. चिखलात रुतलेला तळवा सरळ वर ओढला तर खाली पोकळी होते आणि चिखल तो धरून ठेवतो. टाच आधी सोडवायची, तळवा वाकडा करून कडेने हवा आत जाऊ द्यायची, मग उचलायचं. हे तिच्या प्रशिक्षकाने तिला शिकवलेलं असायला हवं, आणि त्या दिवशी घाईत तिच्याकडून ते राहून जायला हवं. प्रसंग असा सापडतो.

तळवा मोठा कर म्हणशील. कर. रणगाड्याइतका दाब हवा तर साडेसात चौरस मीटरचा तळवा लागेल. पण मग पायाच्या टोकाला ओझं आलं, आणि टोकाचं ओझं पाय पुढे फेकताना नडतं. घोड्याचा किंवा शहामृगाचा पाय बघ: मांस सगळं वर, मांडीशी, आणि खाली नुसत्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. तुझ्या यंत्राचे जड सिलिंडर मांडीत आणि कमरेत असू देत, घोट्यापर्यंत दांडे जाऊ देत. हे वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. शत्रू नेम कुठे धरतो, एवढं ठरलं की पुरे.

चालीचंही तसंच. पाय दहापट लांब झाला म्हणून वेग दहापट होत नाही. गुरुत्वाकर्षण तेच, त्यामुळे वेग आणि पावलाचा काळ दोन्ही दहाच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे ३.२ पट वाढतात. माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो, ती १६ चालेल. माणूस साधारण ७ च्या पुढे धावायला लागतो, ती २२-२३ च्या पुढे. माणसाचं एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, तिचं दीड सेकंदाहून थोडं जास्त. तुझ्या लढाईत ती ‘विजेच्या चपळाईने’ वळते. वजन ठरवलं असतंस तर हा शब्द हातून उतरलाच नसता.

आता कॉकपिटमध्ये बस. चालताना माणसाचं धड दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं, तिथे पायलट अर्धा मीटर वर-खाली होणार. शिवाय डावी-उजवीकडे झोल, तोही तेवढाच, आणि त्याचा एक फेरा दोन पावलांचा, म्हणजे तीन सेकंदांहून जास्त. समुद्रात ज्या हेलकाव्याने माणसं आडवी होतात तो साधारण याच पट्ट्यातला: दोन सेकंदांहून लांब फेरे, आणि पाच सेकंदांच्या आसपास सगळ्यांत वाईट. त्यात भर म्हणून तू पायलटला बंद पेटीत बसवलंस, समोर पडदा, खरं क्षितिज दिसतच नाही. पडद्यावरचं चित्र जरासं मागे पडलं की पोट आणखी ढवळणार. तुझ्या पायलटांना कुणालाच कसं ओकावंसं वाटत नाही? नवी मुलं मुखवट्यात ओकतात, जुनी माणसं मोहिमेच्या सकाळी काय खायचं आणि काय नाही यावर भांडतात, एखादा उत्तम नेमबाज केवळ यामुळे दुरुस्ती पथकात पाठवला जातो. विज्ञान काढून माणसं ठेवायला सांगणाऱ्याला विचार, हा माणूस कुठून आला? वजनातून आला.

पडण्याबद्दल मला रागच आहे. तुझी नायिका तीनदा पडते आणि तीनदा ओठावरचं रक्त पुसते. १६ मीटरवर, डोक्यात बसलेल्या पायलटचा जमिनीला लागतानाचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर असतो. खुर्चीखालच्या धक्काशोषकाला अर्धा मीटर जागा दिलीस तर सरासरी ३० जीच्या, म्हणजे अंगाच्या वजनाच्या तीसपट जोराच्या, पुढे जातं, एक मीटर दिलीस तर १६. लढाऊ विमानातून खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना क्षणभर साधारण १२ ते २० जी बसतात आणि तेवढ्यानेही मणके दबतात. तेव्हा कॉकपिट डोक्यातून काढ. कमरेत, नऊ मीटरवर आण. एक मीटरच्या शोषकाने तेच नऊ जीवर येतं, झोलही कमी होतो आणि चिलखत सगळ्यांत जाड जिथे असतं तिथे ती बसते. डोक्यात कॅमेरे राहू देत, डोकं उडालं तर ती आंधळी होईल, मरणार नाही. आणि एक देणगी फुकटची: उंच वस्तू सावकाश पडते. माणूस कोलमडायला सेकंदभर लागतो, तिला तीनेक सेकंद लागतील. त्या तीन सेकंदांत पायलट गुडघे मुडपू शकते, कोपर पुढे घेऊ शकते, मान टेकवून दात आवळू शकते. तीन सेकंद म्हणजे तुझ्यासारखीच्या हातात दोन पानं.

हातांनी तोल सांभाळायचा नाही, हेही लिहून ठेव. १९६०च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी जनरल इलेक्ट्रिकने चार पायांचं चालतं यंत्र बनवलं होतं. आत बसलेला माणूस आपल्या हातांनी पुढचे पाय आणि पायांनी मागचे पाय चालवायचा. यंत्र चाललं, पण माणूस थोड्याच वेळात दमून जायचा. पायलटने कुठे जायचं ते सांगावं, पाऊल यंत्राने शोधावं. तिचा खरा झगडा तिथे सुरू होतो जिथे यंत्र तिचं ऐकत नाही, कारण तिने सांगितलेली जागा ७५ टन पेलणार नाही असं त्याला वाटतं.

सहाव्या प्रकरणात तिचा डावा हात तुटतो आणि पुढच्याच वाक्यात ती धावते. माणसाचा एक हात अंगाच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो, म्हणजे इथे चारेक टन एका बाजूने गेले. ती उजवीकडे झुकणार. धड डावीकडे कलवून, उरलेला हात छातीशी घेऊन चालावं लागेल, आणि तोच तर तोफेचा हात. गोळी झाडायला हात लांब केला की तोल जाणार. बघ, मी काही रचलं नाही, नुसती वजाबाकी केली.

तोफेच्या धक्क्याची मात्र तू उगाच भीती घेतली आहेस. रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेतून सुमारे आठ किलोचा गोळा सेकंदाला १,७०० मीटर वेगाने जातो, मागोमाग दारूचा वायू. धक्का, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, २०,००० न्यूटन-सेकंदांच्या पुढे. ७५ टनांना त्याने सेकंदाला तीसेक सेंटिमीटरचा वेग मिळतो. खांद्यापाशी झोका जाणवेल, पण दोन्ही पाय टेकलेले असतील तर ती उलटणार नाही. एक पाय हवेत असताना झाडली तर बघ काय होतं ते.

दुरुस्ती पथकाला तू दोन ओळी दिल्यास. हा अन्याय आहे. मांडीतल्या हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रणेचा, दाब २०० ते ३५० बार धर (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), अवजड यंत्रांत एवढा असतोच. रबरी नळीला टाचणीएवढं भोक पडलं की तेल डोळ्याला न दिसणाऱ्या धारेने बाहेर येतं. ती धार हाताने चाचपायची नसते, पुठ्ठा फिरवून शोधायची असते, कारण ती कातडीतून आत घुसते. वर नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जातो. तुझा तो गप्पिष्ट मेकॅनिक, ज्याला तू केवळ विनोदासाठी आणलंस, त्याला हा ठिपका दे आणि ‘काही नाही, ओरखडा आहे’ असं म्हणू दे.

रणगाडेवाल्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून त्याला पुस्तकातच उत्तर दे. रणगाडा अडीच मीटर उंच. सपाट जमिनीवर तिथून क्षितिज साडेपाच किलोमीटरवर. तुझ्या कॅमेऱ्यांना ते चौदावर. जेवढं दिसतं तेवढंच दिसूनही येतं. तेव्हा पाय आहेत तर पायांची जमीन हवी: दरी, कोसळलेल्या इमारती, उंच जंगल. उघड्या मैदानात तिला नेणारा सेनापती नालायक आहे असं कुणीतरी म्हणू दे. चंद्रावरचा दुसरा भाग सोपा जाईल असं तुला वाटतंय, पण तिथे वजन सहाव्या हिश्शावर येतं, वस्तुमान ७५ टनच राहतं. जमिनीची पकड सहाव्या हिश्शाची, म्हणून थांबायला सहापट अंतर. आणि हवा नसल्याने उष्णता फक्त किरणांनी जाणार: एक मेगावॉट उष्णता ६० अंशांच्या पत्र्यांनी फेकायची तर सुमारे १,४०० चौरस मीटर पत्रा लागतो. तो कुठे लावतेस ते मला बघायचंय.

मला हटवादी म्हणतात, वाचक वजनकाटा घेऊन बसत नाही असंही म्हणतात. बसत नाही, खरंय. पण ताट हलकं लागलं की त्याला कळतं, आणि का ते सांगता येत नाही म्हणून तो ‘मन रमलं नाही’ म्हणतो. माझ्या छापून गेलेल्या पानांत यंत्रं पतंगासारखी उडतात. ती पानं आता हातची गेली. तुझी अजून कच्ची आहेत, म्हणून हा जीव काढतोय. हट्ट असेल तर असू दे.

म्हणून सगळं पुन्हा लिहू नकोस, तेवढा दम धर. एका कागदावर पाच आकडे काढ: रिकामं वजन, पूर्ण भरलेलं वजन, एका पायाखालचा दाब, चालण्याचा वेग, कॉकपिटची उंची. इंधनाचे दोन हजार लिटर म्हणजे दीड टनाच्या वर, दारूसकट वीस किलोचे चाळीस गोळे म्हणजे आठशे किलो. लढाई संपेपर्यंत ती किती हलकी झाली तेही मांड. मग नऊ प्रकरणं त्या कागदाशेजारी ठेवून वाच. जिथे खटकेल तिथेच हात घाल.

नवव्या प्रकरणात बारा यंत्रं रात्री एका ओळीत नदीचा पूल ओलांडतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी १८८ टनांचा रणगाडा बनवला, आणि तो पेलणारा पूल सापडणं कठीण म्हणून त्याला नदीच्या तळातून नेण्याची योजना करावी लागली होती. बारा गुणिले ७५, तेही पावलांच्या ठोक्यांसकट. तुझा पूल किती टनांचा आहे, आणि एका वेळी किती जणी त्याच्यावर असतात? हे आधी कळव, शेवटाबद्दल मग बोलू.

तुझा,
जुना हट्टी वाचक