एच-४ वर असताना कम्युनिटी कॉलेजात बालविकास शिकण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. तुम्ही एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आहात, एम.कॉम. झालंय, ‘चाइल्ड अँड अॅडोलेसंट डेव्हलपमेंट’ घ्यावं का असं विचारलंय, आणि शेवटी लिहिलंय की घरचे म्हणतात, पोरं सांभाळायला कॉलेज कशाला. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. माझ्या नणंदेने हेच गणपतीच्या आरतीनंतर भरल्या घरात सुनावलं होतं: “एवढी शिकलेली बाई, आता शी-शू काढायची डिग्री घेतेय.” पाहुण्यांसमोर नको म्हणून गप्प बसले, पण ते आत राहिलं.

प्रॅक्टिकमला, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष वर्गातल्या सरावाला, मला चार वर्षांच्या मुलांचा वर्ग मिळाला. त्यात पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा होता. शाळेत तोंडातून शब्द काढत नसे. त्याची ‘स्पीच’ची तपासणी करून घ्या असं आईला सुचवलं गेलं होतं, शिवाय ओळखीतल्या कुणीतरी घरातलं मराठी बंद करा असा सल्ला दिला होता. बिचारी रडकुंडीला आली होती.

माझ्याकडे रनिंग रेकॉर्डचं काम होतं. मूल काय करतं, काय बोलतं ते घडेल तसं, वेळ घालून लिहायचं. ‘लाजाळू’, ‘हट्टी’ असली विशेषणं चालत नाहीत. तो वाळूच्या टेबलाशी पाठमोरा उभा होता. कपात वाळू भरली, पालथी घातली, वरून थोपटली आणि अगदी हळू म्हणाला, “थांब, वाफ जाऊ दे. गरम आहे. मग तूप घालते.” घालते! आजीच बोलत होती त्याच्या तोंडून. मी ते देवनागरीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली इंग्रजीत अर्थ दिला.

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. अभ्यासात याला ‘सायलेंट पीरियड’ म्हणतात. भाषेचा खराखुरा दोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. या मुलाचं मराठी खणखणीत होतं. वर्गाच्या मुख्य बाईंनी माझे कागद आईसमोर ठेवले आणि सांगितलं, घरी मराठीच बोला, भरपूर बोला. स्प्रिंग ब्रेकनंतर तो ‘माय टर्न’ म्हणत घसरगुंडीच्या रांगेत भांडत होता.

हे नुसत्या मायेने दिसत नाही. माया त्याच्या भोवतीच्या सगळ्यांकडे होती.

माझं सासर डहाणूचं. तिथून बोर्डी आणि कोसबाड जवळच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला गेल्या, आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या भागात वाढलेल्या माणसाने लहान मुलांच्या शिक्षणाला शी-शू म्हणावं, याचा मला आजही संताप येतो. नणंदेला हे मी फोनवर स्पष्ट सांगितलं. तुम्हीही सांगा.

आता तुमचं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (युनिट म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर पडतात, अनिवासींना कित्येक पट जास्त. एच-४ वाल्यांना वर्षभर राज्यात राहिल्याचे कागद दाखवून रहिवासी दर मिळू शकतो, तेव्हा भाडेकरार, बँकेची पत्रं आतापासून जपून ठेवा. चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट म्हणजे लहान मुलांना शिकवण्याचा राज्याचा परवाना; त्याच्या ‘टीचर’ पातळीला विषयाची २४ आणि सामान्य विषयांची १६ युनिट लागतात, शिवाय १७५ दिवसांचा अनुभव. तुमच्या डिग्रीचं मूल्यमापन करून घेतलंत तर सामान्य विषयांचा बराच भार हलका होईल. पूर्ण पदवी हवी असेल तर ट्रान्सफरची (पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, दोन वर्षांची) असोसिएट डिग्री करून सॅन होजे स्टेट किंवा नॉर्थरिजच्या विद्यापीठात जाता येतं. किशोरवयीन मुलांबरोबर काम करायचं असेल तर हाच रस्ता धरा, नुसत्या परमिटवर तुम्ही मुख्यतः लहान मुलांतच राहाल.

एक मात्र आहे. ईएडी, म्हणजे काम करण्याचा सरकारी परवाना, नसेल तर शिकता येईल, पगारी काम करता येणार नाही. आणि प्रीस्कूलचे पगार कमीच आहेत, बे एरियाचं भाडं त्यातून निघत नाही. पैशासाठीच करायचं असेल तर अकाउंटिंगच बघा, एम.कॉम. आहेच. टीबीची तपासणी, लसींचे दाखले, बोटांचे ठसे हे सगळं प्रॅक्टिकमच्या आधी लागतं, आयत्या वेळी धावपळ होते. युनिटचे आकडे कॉलेजच्या काउन्सेलरकडून एकदा तपासून घ्या, नियम बदलतात.

सुरुवात ‘चाइल्ड ग्रोथ अँड डेव्हलपमेंट’ने करा. निरीक्षण लिहिताना मराठीत सुचलं तर आधी मराठीतच टिपा, इंग्रजी मागाहून.