भाजी, भजी आणि खारट झालेला पालक

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आई आणि मी जेवताना ऐकला. तुझी बाजू मला समजली ती अशी: लायपझिगच्या नव्या घरात तू पहिल्यांदाच पालकाची भाजी केलीस आणि घरातल्या दोघींना वाटीत घालून दिलीस. ती काळपट, पाणचट आणि वर खारट झाली. याला म्हणतात काय, असं त्यांनी विचारल्यावर तू ‘भाजी’ म्हणालीस. एकीने फोनवर शोधलं तर कांद्याचे तळलेले गोळे निघाले. मग पिशवीत उरलेल्या कच्च्या पालकालाही तू ‘भाजी’च म्हणालीस आणि तुझी पार गोची झाली. ‘बाबा, आपल्याकडे कच्च्याला आणि शिजवलेल्याला एकच शब्द का? आणि माझं चुकलं काय?’

तळलेल्या गोळ्यांचं आधी मिटवू. ती भजी. विलायतेतल्या हॉटेलांच्या मेन्यूवर कांदाभजी ‘अनियन भाजी’ झाली आणि तिकडून जगभर तशीच गेली. भ आणि भा यांत फक्त एक काना आहे, पण पावसात बसून खायची ती भजी आणि रोज डब्यात यायची ती भाजी. दोघींना एकदा भजीही करून घाल, म्हणजे वाद राहणार नाही.

एकच शब्द का, हे मात्र मला कधी सुचलंच नव्हतं. माझी आजी साताऱ्यात सकाळी मंडईत जाऊन भाजी आणायची, दुपारी ओसरीवर भाजी निवडत बसायची, संध्याकाळी भाजी फोडणीला टाकायची आणि रात्री ‘भाजी घे की अजून’ म्हणायची. चारही वेळा शब्द एकच, आणि कोणाचा कधी घोटाळा झाला नाही. मला वाटतं, आजीच्या लेखी मेथीची पेंडी पिशवीत पडली तेव्हाच ती निम्मी ताटात आलेली असायची. उलट तांदळाचं बघ. शेतात असतो तो भात, गिरणीतून येतो तो तांदूळ आणि शिजला की पुन्हा भात! हे एखाद्या जर्मन माणसाला समजावून दाखव, मग भाजीचं काही वाटणार नाही.

आता तुझा पालक खारट का झाला ते. मीठ जास्त पडलं हे अर्धंच कारण. दोघींनी ती भाजी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ली असं तू म्हणालीस ना? तिथेच गणित चुकलं. भाजी हे तोंडीलावणं. पोळीचा किंवा भाकरीचा घास तोडायचा, त्यात चिमूटभर भाजी धरायची. भाकरीत मीठ नसतं, चव नावालाच असते. तिखटमीठ भाजीने पुरवायचं असतं. नुसती खायला घेतली की आजीच्या हातचीसुद्धा भाजी जरा चढीच लागेल. पोळ्या लाटायचा कंटाळा असेल तर गरम भात आणि साधं वरण लाव, पण काहीतरी सोबत हवंच. तेही नसेल तर मीठ निम्मं घाल.

मीठ घालण्याची वेळही महत्त्वाची. तू अख्खी पिशवी पातेल्यात ओतून वरून मीठ भुरभुरलंस. पालकात शेकडा 90 हून जास्त पाणीच असतं. ढीगभर दिसणारा पाला पाच मिनिटांत मूठभर होतो, मीठ मात्र ढिगाच्या मापाने पडलेलं असतं. म्हणून पालेभाजीत मीठ शेवटी. पाला बसला की मग डोळ्यांनी अंदाज घ्यायचा.

काळी पडण्याचं कारण झाकण. यात तुझंच रसायनशास्त्र आहे, त्यामुळे मी सांगणं म्हणजे आगाऊपणाच, तरी सांगतो. पान तापलं की त्यातली आम्लं सुटतात. कढई उघडी असली की त्यांतली थोडी वाफेबरोबर निघून जातात. झाकण ठेवलंस की थेंब होऊन परत भाजीत. त्या आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघतो आणि हिरव्याचा शेवाळी, मळकट रंग होतो. आजीला मॅग्नेशियम ठाऊक नव्हतं, पण मी झाकणाला हात लावला की ती ओरडायची, ‘उघडीच ठेव, रंग जाईल!’

तर पुढच्या वेळी असं कर. साधारण 400 ग्रॅम पालक धुऊन चाळणीत अर्धा तास नीट निथळू दे. ओला पाला कढईत गेला की परतला जात नाही, उकडतो. जाडसर चिर. लसणाच्या सहा-सात पाकळ्या ठेच. चिरू नकोस, ठेच. दोन हिरव्या मिरच्या मोडून ठेव. कढईत दोन चमचे तेल चांगलं तापव. तुमची ती सपाट इलेक्ट्रिक शेगडी तापायला फार वेळ घेते, तेव्हा घाई नको. मोहरीचे दोन दाणे टाकून बघ, तडतडले तर बाकीची टाक, मग हिंग, मग लसूण. लसूण कडेने तांबूस व्हायला लागला की मिरच्या. खिडकी आधीच उघडून ठेव, नाहीतर दोघींना ठसका लागेल आणि छतावरचा तो धुराचा अलार्म कोकलेल. आमच्याकडे पहिल्या वर्षी तो दोनदा वाजला आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई चप्पल न घालता जिन्यात आल्या होत्या.

मग पालक, पण निम्माच. मोठ्या आचेवर उलथन्याने वरखाली कर. तो बसला की उरलेला. एकदम सगळा घातला की पातळ बुडाचं भांडं गार पडतं, पाणी सुटतं आणि आटवता आटवता पाल्याचा लगदा होतो. तुझी भाजी पाणचट झाली ती अशी. पाणी दिसेनासं झालं की मीठ, आणखी दोन मिनिटं, आणि बंद. हळद नको. आई घालते, मी घालत नाही. आमच्या लग्नाला 24 वर्षं झाली तरी यावर निकाल लागलेला नाही.

खरा वाद मात्र शेवटी वरून काय घालायचं याचा. आई रत्नागिरीची, ती ओलं खोबरं घालणार. मी साताऱ्याचा, मला दाण्याचं कूट हवं. तू दोन्हीकडची, तेव्हा घरात असेल ते घाल.

मेथी आणलीस तर मात्र सावध. एशियन दुकानात पेंडी दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस, त्यात निम्म्या काड्याच असतात. पानं आणि कोवळे देठच घे. मूठभर मूगडाळ अर्धा तास भिजवून फोडणीत आधी परत, मग मेथी. डाळीने कडूपणा निवतो. डाळ शिजायला वाफ हवी, म्हणून इथे झाकण चालतं. खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घाल, म्हणजे खाली लागत नाही. रंग थोडा जाईल, जाऊ दे. आणि सारखी ढवळू नकोस, मेथी चिडते.

आता तुला एक गंमत सांगतो. मी 2001 साली इथे जर्मनीत आलो तेव्हा स्वयंपाकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. रविवारी फोनकार्डावर आजीशी बोलायचो आणि मिनिटं संपत आली की ती भाजीवर यायची. मी म्हणायचो, इथे मेथी नाही, शेपू नाही, चाकवत नाही. ती म्हणायची, ‘मग तिथली जनावरं काय खातात?’ चिडलोच होतो. पण पुढच्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये बघितलं: लोक नवलकोल घेताना वरची पानं मोडून शेजारच्या खोक्यात टाकत होते, आणि एक आजोबा ती सशांसाठी पिशवीत भरत होते. मीही भरली. जरा राठ होती, पण लसणावर परतून, वर बेसन पेरून झकास लागली. तेव्हापासून लाल मुळ्यांच्या जुडीचा पालाही मी टाकत नाही. मांगोल्ड तर बिनधास्त घे. पालकाचाच चुलतभाऊ तो, फक्त देठ आधी परत.

आणि चाकवत? तो इथे शेताच्या कडेला तण म्हणून उगवतो. जर्मनमध्ये त्याला पांढरा हंसपाय म्हणतात. मी पहिल्यांदा ओळखला तेव्हा आईचा विश्वास बसेना. पण तू तो रस्त्याकडेचा तोडू नकोस, कुत्रीही फिरतात आणि औषधही मारलेलं असतं. उन्हाळ्यात तुर्की दुकानात ‘सेमिझोतू’ नावाची जुडी मिळते, ती आपली घोळ. पान जाडसर, चव आंबूस. तिला लोखंडी भांड्यात घालू नकोस, आंबट पाल्याचं आणि लोखंडाचं जमत नाही.

तुझ्या मैत्रिणीला नाव सांगायचंच असेल तर ‘पालकाची परतून केलेली भाजी’ म्हण. लांबलचक शब्द ऐकायची सवय आहेच त्यांना.

दाण्याचं कूट एका बरणीत भरून शुक्रवारी पाठवतोय. सोबत हिंगाची छोटी डबी आहे. ती पुन्हा दुसऱ्या डब्यात घालून ठेव, नाहीतर फ्रीजमधल्या त्यांच्या चीजला वास लागेल आणि पुढचा व्हॉइस मेसेज त्याचा येईल. बरणी परत आण, ती आईची आहे.

बाबा