ध्रुवावर काम करायचंय, तर आधी काय शिकू?

प्रिय विद्यार्थिनी,

दक्षिण ध्रुवावर वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा तुझा मानस आहे आणि बारावीनंतर भौतिकशास्त्र घ्यावं की इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग, असं तू विचारलं आहेस. दोन्ही वाटांनी तिथे पोहोचता येतं. पण निवड करण्याआधी तिथलं काम कसं असतं ते पाहा.

वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे अतिऊर्जावान कण. असा कण हवेच्या अणूंवर आदळला की दुय्यम कणांचा वर्षाव सुरू होतो. हवेतल्या प्रकाशाहूनही वेगवान असलेल्या या कणांमुळे निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश उमटतो. तो काही नॅनोसेकंदच टिकतो आणि फार मंद असतो, म्हणून टिपायला काळोख लागतो. ध्रुवावरची महिनोन्महिन्यांची रात्र इथे कामी येते. अर्थात अडचणीही आहेत: चंद्र उगवला की सुमारे दोन आठवडे मावळत नाही, आकाशात ध्रुवीय प्रकाश असतो आणि दुर्बिणीच्या काचेवर हिम साचतं.

तिथल्या आइसक्यूब प्रकल्पात बर्फाखाली 1450 ते 2450 मीटर खोलीवर 5160 प्रकाशसंवेदक आहेत. पृष्ठभागावर आइसअ‍ॅक्टच्या छोट्या दुर्बिणी आहेत. त्यांच्या कॅमेऱ्यात फक्त 61 पिक्सेल! वरची दुर्बीण वर्षावाचा प्रकाश पाहते, खोलवर पोहोचलेले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) खालचे संवेदक टिपतात. दोन्ही नोंदी जुळवल्या की मूळ कण प्रोटॉन होता की लोखंडाचं अणुकेंद्रक, याचा अंदाज बांधता येतो. मला या विषयाची सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथेच.

आता स्पष्ट सांगते. या क्षेत्रातले बहुतेक संशोधक ध्रुवापासून हजारो किलोमीटर दूर, संगणकासमोर बसून खरा संकेत गोंगाटातून वेगळा काढत असतात. आइसक्यूबसाठी हिवाळाभर तिथे दोघंच राहतात. त्यांना कडक वैद्यकीय तपासणी पार करावी लागते आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत विमानांची नियमित ये-जा बंद असते. त्या कामाला पीएचडीच हवी असं नाही. यंत्रणा आणि संगणक एकट्याने दुरुस्त करता यायला हवेत. संशोधक व्हायचं असेल, तर मात्र पीएचडीला पर्याय नाही.

तेव्हा संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आत्तापासूनच शिकायला घे. वैश्विक किरणांचा अभ्यास करणाऱ्या अर्जेंटिनातल्या पियर ओझे वेधशाळेने 2021 मध्ये आपला काही डेटा सर्वांसाठी खुला केला, त्यात खऱ्या वर्षावांच्या नोंदी आहेत. सुट्टीत त्यावर काम कर. वर्षावाची दिशा आणि ऊर्जा कशी काढली याचंच कुतूहल वाटत राहिलं, तर भौतिकशास्त्र घे. संवेदक आणि सर्किट कसं बनवलं असेल हाच प्रश्न सतावत राहिला, तर बिनधास्त इंजिनिअरिंगला जा.